पिना तेवढ्याच, तरी प्रोसेसर का चालत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागतो. पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग घेऊन २०१६-१७च्या सुमारास ज्यांनी पीसी जोडून घेतला, त्यांच्यापैकी अनेकांकडे सहाव्या-सातव्या पिढीचा आहे. त्याचं सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा, एलजीए ११५१ (११५१ पिनांची). आठव्या पिढीचंही एलजीए ११५१. मग नुसता प्रोसेसर बदलला की झालं, असं कुणालाही वाटेल. पण तो त्या बोर्डावर चालत नाही.

हा घोळ नवा नाही. नव्वदच्या दशकात सॉकेट ७ होतं तेव्हा इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के६ आणि सायरिक्सचे प्रोसेसर एकाच बोर्डावर बसायचे. व्होल्टेज आणि वेग जंपरने, म्हणजे बोर्डावरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांनी, ठरवायचा. १९९७च्या पेंटियम एमएमएक्सला मात्र गाभ्यासाठी २.८ व्होल्ट वेगळे हवे होते, आणि तशी सोय नसलेले जुने बोर्ड तिथेच मागे पडले. त्याच वर्षी पेंटियम २ सॉकेट सोडून स्लॉट १ या लांबट खाचेत गेला आणि इंटेल-एएमडीच्या वाटा वेगळ्या झाल्या.

२००४मध्ये एलजीए ७७५ आलं. पिना प्रोसेसरवरून बोर्डावर गेल्या. पेंटियम ४पासून कोअर २ क्वाडपर्यंत सगळे याच सॉकेटचे, पण ९१५ चिपसेटच्या (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिप) बोर्डाला कोअर २ ड्युओ पेलत नसे.

२०१७ची गोष्ट मनाला जास्त लागते. आठव्या पिढीत डेस्कटॉपच्या आय५, आय७ला चाराऐवजी सहा कोअर (एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे भाग) मिळाले. आधी राखीव ठेवलेल्या काही पिना वीजपुरवठ्याला जोडल्या गेल्या आणि ३०० मालिकेचा चिपसेट बंधनकारक झाला. विजेचं हे कारण मला अर्धंच पटतं. आय३-८१०० चार कोअरचाच होता, तरी त्यालाही जुन्या बोर्डावर मज्जाव. हौशी लोकांनी बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) बदलून, काही पिना झाकून हे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवूनही दाखवले. म्हणजे निर्णयात तंत्राइतकाच धंदाही होता.

एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६पासून टिकलं, तिथे अडचण वेगळीच निघाली. बऱ्याच जुन्या बोर्डांची बायोस चिप १६ एमबीची, सगळ्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावेना. मे २०२०मध्ये कंपनीने आपल्या बी४५० चिपसेटच्या बोर्डांना पुढचा रायझन ५००० प्रोसेसर नाकारला. ग्राहक इतके चिडले की त्याच महिन्यात तिला माघार घ्यावी लागली. एएमडीच्याच त्याहून जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांना परवानगी मिळायला २०२२ उजाडलं.

म्हणून पैसे मोजण्याआधी सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये बोर्डाचं पूर्ण नाव, रिव्हिजन आणि बायोसची आवृत्ती पाहा. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत हवा तो प्रोसेसर आणि त्यापुढे लिहिलेली किमान बायोस आवृत्ती शोधा. दुकानदाराचं ‘बसेल की’ एवढ्यावर विसंबू नका. बसतो तो प्रत्येक प्रोसेसर चालतोच असं नाही. बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करा, आणि यूपीएस लावून. मध्येच वीज गेली तर चांगला बोर्ड हातचा जातो.

इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीवाल्यांना मात्र बोर्डही बदलावा लागेल. रॅम डीडीआर४ प्रकारची असेल तर इंटेलच्या ३०० मालिकेच्या बोर्डावर तीच वापरता येईल. त्या काळातले काही बोर्ड डीडीआर३चे होते, तेवढं पेटी उघडून पाहून घ्या.