'अनधिकृत' की 'गरजेपोटी': एका शब्दाच्या भांडणाची पार्श्वभूमी

मराठीत नियम कोण मोडतो आणि लिहिणारा कोणाच्या बाजूचा, यावर शब्द ठरतो. विधिमंडळात हक्कभंग होतो, नोकरीत शिस्तभंग, महसुलाच्या फायलीत शर्तभंग. बिल्डर मात्र नियम धाब्यावर बसवतो. (धाबे म्हणजे घराचे सपाट छत. मंजुरीपेक्षा दोन मजले जास्त चढवणाऱ्यासाठी याहून चपखल वाक्प्रचार सापडायचा नाही.) ठाणे-नवी मुंबईच्या बातम्यांत या सगळ्यांना एका शब्दाने मागे सारले, तो म्हणजे 'अनधिकृत'. आणि त्याच्याच अंगणात, कुटुंब वाढले म्हणून परवानगीशिवाय बांधलेल्या घरांसाठीचा 'गरजेपोटी' उभा राहिला.

जुने थोडक्यात. दसऱ्याच्या सीमोल्लंघनात उल्लंघन अभिमानाचेच असते. १९३० साली 'कायदेभंग' या शब्दालाही तेच तेज आले. त्या वर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यात चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. तिथल्या हुतात्म्यांबद्दल लिहिताना त्यांनी 'नियमांचे उल्लंघन केले' असे आजही कोणी लिहीत नाही. त्यांनी कायदा मोडला. तो मोडण्याजोगाच होता, हे क्रियापदातच आले.

खरी गुंतागुंत १९७० नंतरची. नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. शेत गेले, मिठागर गेले, गावठाणाची रेघ मात्र होती तिथेच राहिली. जानेवारी १९८४ च्या गावकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचा भूखंड परत देण्याची, योजना आली. भूखंड हातात पडायला वर्षे लागली. मुलांची लग्ने तोवर थांबत नाहीत. एका घरात तीन भावांच्या तीन चुली झाल्या की मागच्या परसात भिंत चढायची. परस कोणाचे? घरच्यांच्या लेखी आजोबांचे, कागदावर शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाचे.

'गरजेपोटी' हा शब्द या परसातला. १९६६ च्या नगररचना कायद्याला परवानगी आहे की नाही एवढेच कळते. गरज हे त्यातले कलम नव्हे. प्रकल्पग्रस्तांच्या निवेदनांतून हा शब्द भाषणांत गेला, भाषणांतून शासन निर्णयांत. गावठाणापासून किती मीटरपर्यंतची गरज ही गरज मानायची, असा वाद मग सुरू झाला. गरज टेपने मोजायची वेळ आली, यातच शब्दाची ओढाताण दिसते.

मी ठाण्यात बातम्यांची कॉपी तपासायचो तेव्हा घणसोलीचे एक आजोबा कात्रण घेऊन आले होते. 'अनधिकृत घरांवर हातोडा' या आमच्या मथळ्यातल्या पहिल्या शब्दाखाली त्यांनी पेनाने रेघ मारली होती. पाडकामावर त्यांचे फार म्हणणे नव्हते. त्यांचे भांडण त्या रेघेवरच्या शब्दाशी होते. मी 'विनापरवाना' सुचवला. तो त्यांना चालला! परवानगी घेतली नव्हती हे त्यांना कबूल होते, अधिकार नव्हता हे नाही. हा फरक आमच्या शैलीपुस्तिकेत कधीच नव्हता आणि माझ्या मते तिथे तो असायला हवा होता.

अर्थात याच शब्दाच्या आडोशाने चार-चार मजल्यांच्या भाड्याच्या इमारतीही उठल्या, ज्यांत गरज होती ती गुंतवणूकदाराची. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याची इमारत कोसळून ७४ माणसे मेली आणि त्यानंतर 'अनधिकृत' ऐकले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ढिगाराच येऊ लागला. वास्तविक 'धोकादायक' ही वेगळी वर्गवारी. रीतसर परवानगीची चाळीस वर्षांची इमारतही पालिकेच्या पावसाळ्याआधीच्या यादीत सी-१ मध्ये, म्हणजे अतिधोकादायक वर्गात, येते, आणि परवानगी नसलेले घर भक्कम असू शकते. बातम्यांत दोन्ही शब्द जोडीने यायला लागले ते तेव्हापासून.

नवी मुंबईतल्या दिघ्याच्या अनधिकृत इमारतींवर न्यायालयाच्या आदेशाने कारवाई सुरू झाली, तेव्हा 'फसवले गेलेले रहिवासी' हा तिसरा पक्ष लिखाणात आला. नियम मोडला बिल्डरने, घर गेले घेणाऱ्याचे, मग क्रियापदाचा कर्ता कोण? पुढे २०१७ मध्ये त्याच नगररचना कायद्यात ५२-अ हे कलम आले. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे अटी पाळून, शुल्क भरून वाचवता येतील, असे त्यात होते. अशा बांधकामाला सरकारी मराठीने नाव दिले 'प्रशमित संरचना'. हा शब्द मी आजवर एकाही रहिवाशाच्या तोंडून ऐकलेला नाही.

लोकांच्या तोंडी असतो तो 'घरपट्टी'. घरपट्टी लागली म्हणजे घर पक्के, हा गावाकडचा जुना हिशेब. महापालिका कायद्यातल्या २६७-अ प्रमाणे अशा बांधकामाला कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते, आणि कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, असेही पालिका बजावते. तरी पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, लग्नपत्रिका आणि रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलेली असते. घणसोलीच्या आजोबांनी कात्रण काढले ते त्याच पिशवीतून.