पार्श्वभूमी : बूगी वूगी, पेटी आणि डावा हात

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळला एखाद्या मुलाने ‘मला बूगी वूगी शिकायचंय’ म्हटलं, तर घरचे त्याला नाचाच्या क्लासला घालण्याचीच शक्यता जास्त. कारण १९९६ साली एका खासगी वाहिनीवर याच नावाची नृत्यस्पर्धा सुरू झाली आणि गॅदरिंगमध्ये नाचणाऱ्या एका अख्ख्या पिढीसाठी हा शब्द नाचाला चिकटला तो चिकटलाच. पियानोची शैली म्हणून तो शिकवायला घेतला, की सुरुवात खुलाशापासून होते.

तरी हा गोंधळ अगदीच निराधार नाही. हे नाव ज्या ध्वनिमुद्रिकेने रूढ केलं, ती डिसेंबर १९२८ मध्ये शिकागोत मुद्रित झाली. तिच्यात वादक वाजवता वाजवता नाचणाऱ्यांना सूचना देतो : कधी थांबायचं, कधी पुन्हा अंग हलवायचं. पुढच्याच मार्चमध्ये एका डान्स हॉलमधल्या भांडणात गोळी लागून तो गेला, पंचविशीही गाठली नव्हती. म्हणजे नाच या नावात पहिल्यापासून होताच. आपल्याकडे येताना फक्त पियानो गळाला.

शैली मात्र त्या मुद्रिकेहून जुनी. टेक्सासमधल्या लाकूडतोडीच्या वस्त्यांवर, रेल्वेच्या कडेने, कृष्णवर्णीय वादकांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवली. साथीला ढोल नाही, बास नाही; ते सगळं काम डाव्या हाताकडे. त्यात आगगाडीचा खडखडाट ऐकू येतो असं म्हणतात (१८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे पोचली, त्या गावाला हे पटायला हरकत नाही). शिकागोत भाडं उभं करण्यासाठी घरात तिकीट लावून पार्ट्या व्हायच्या, तिथे हे वादन वाढलं. डिसेंबर १९३८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या एका मानाच्या सभागृहात पोचलं आणि त्याची लाट आली.

नवशिक्याचं अडतं ते डाव्या हातापाशी. सा ग प ध, कोमल नी, ध प ग : एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, हे आठ स्वर, न थांबता. असे बारा बार. चार सा वरून, दोन म वरून, दोन पुन्हा सा वरून, मग प आणि म एकेक, शेवटचे दोन सा. केरव्याच्या आठ मात्रा हातात असतील तर मोजणं जड जात नाही, पण स्वरांच्या जोड्या बहुतेकदा लांब-आखूड झुलवाव्या लागतात. त्यावर उजव्या हाताने वेगळंच काही वाजवायचं.

आपल्याकडे हा हात का बसत नाही, याचं उत्तर पेटीत आहे. हातपेटीवर डावा हात भाता मारतो. स्वरांशी त्याचा संबंध नाही. संगीत नाटकांतल्या पायपेटीला दोन्ही हात मोकळे होते, पण घरोघरी पोचली ती हातपेटीच. मग कॅसिओ आला. त्यात डाव्या हाताने एक-दोन पट्ट्या दाबल्या की ताल, बास, कॉर्ड सगळं यंत्रच वाजवतं. अनेक मॉडेलांत ‘बूगी’ नावाचं बटणही असतं.

हे बटण वापरू द्यावं का, यावर शिकवणाऱ्यांत दोन तट आहेत. एका बाजूचं म्हणणं, मुलं टिकतात, मे महिन्याच्या सुट्टीतल्या शिबिराच्या शेवटी पालकांना काहीतरी वाजवून दाखवता येतं. ते खरंही आहे. पण बटणाने जे वाजतं तेच तर शिकायचं होतं. एकटा डावा हात पंधरा दिवस सावकाश घोटणाऱ्यांकडे पोरं कमी टिकतात, आणि टिकतात त्यांना बारा बार डोळे मिटून येतात.

घोडबंदर रोडच्या इमारतींत रात्री हा सराव करायचा तर डिजिटल पियानो आणि हेडफोन लागतात. तरीही जड पट्ट्यांची धडधड खालच्या मजल्यावर पोचते, म्हणून स्टँडखाली जाड सतरंजी घालतात.