खाडीच्या गाळातला जीवाणू 'नवा' कधी ठरतो?

दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडीत ओहोटीला पाय रुतला की वरचा तपकिरी थर लगेच संपतो आणि खालचा काळाकुट्ट चिखल वर येतो. तो रंग आणि सडक्या अंड्यांचा वास ही जीवाणूंचीच करणी. प्राणवायू नसलेल्या थरात काही जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वसन भागवून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. लोहाशी मिळून त्याचं काळं लोह सल्फाइड होतं.

या गर्दीतला एखादा जीवाणू नवा, हे ठरवायचं कसं? १८७२ मध्ये फर्डिनांड कोन यांनी आकारावरून गट पाडले: गोल, काडीसारखे, वळणदार. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन काड्या सारख्याच दिसतात. मग कोणती साखर पचते, किती मीठ सोसतं, रंगक्रियेत (पेशींना रंग चढवण्याच्या चाचणीत) काय होतं, हे संशोधक पाहू लागले. खाडीच्या जीवाणूंसाठी मिठाची चाचणी आजही करावीच लागते, कारण आषाढात खाडीचं पाणी बरंचसं गोडं होतं आणि वैशाखात खारट.

नावांचा मात्र इतका गोंधळ माजला की १ जानेवारी १९८० पासून मान्यताप्राप्त यादीतलीच जुनी नावं ग्राह्य धरायचं ठरलं. खरी कलाटणी त्याआधीच मिळाली होती. १९७७ मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोम या पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेमधल्या आरएनएच्या तुलनेतून जीवसृष्टीची वंशावळच नव्याने मांडली. आज त्याच आरएनएच्या १६एस जनुकाचं ज्ञात प्रजातींशी साम्य साधारण ९८.७ टक्क्यांखाली असेल तर नव्या प्रजातीचा दावा करता येतो. त्याहून जास्त साम्य असूनही प्रजाती वेगळ्या निघतात, म्हणून संपूर्ण जीनोम, म्हणजे जीवाणूची सगळी जनुकीय माहिती, ताडून पाहतात. तिथली सीमा ९५–९६ टक्के साम्याची.

एवढं झालं तरी नाव लगेच अधिकृत होत नाही. नमुना-वाण, म्हणजे ज्यावरून प्रजातीचं वर्णन केलं तो वाण, दोन वेगवेगळ्या देशांतल्या जीवाणू-संग्रहांत जिवंत ठेवावा लागतो. आपल्याकडे चंदीगड आणि पुण्यात असे संग्रह आहेत. पण २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे वाण परदेशी पाठवताना परवानगीचे सोपस्कार आले. कायद्याचा हेतू रास्तच. संशोधकाची दमछाक होते ती कागदपत्रांत.

आणि जे प्रयोगशाळेत वाढतच नाहीत त्यांचं काय? काळ्या थरातले बहुतेक असेच. त्यांच्यासाठी २०२२ मध्ये 'सीक्कोड' ही नावं देण्याची वेगळी नियमावली आली. तिच्यात जिवंत वाणाऐवजी जीनोमचा क्रम आधार मानतात. जिवंत वाण मागणाऱ्या जुन्या नियमावलीचं पाठबळ तिला नाही. तरी आपल्या खाड्यांपुरतं पाहिलं तर हाच मार्ग जास्त उपयोगी पडेल, असं मला वाटतं.