राजधानी पृथ्वी

राजधानी पृथ्वी : माणूस अनेक ग्रहांवर वस्ती करून राहिल्यावरही सत्तेचे केंद्र त्याच्या जन्मग्रहावरच राहते, ही विज्ञानकथेतील कल्पना. या ग्रहाला कथांतून ‘टेरा’ किंवा ‘टेलस’ अशी लॅटिन नावे दिलेली आढळतात; दोन्हींचा अर्थ भूमी. मराठी वाचकाला ही कल्पना वारशाने मिळालेली नाही. पुराणांतला भूलोक मधल्या मजल्यावर आहे, राजधानी वर इंद्राच्या अमरावतीत. मृत्युलोकात राजदरबार भरवायचा ही पाश्चात्त्य कथेची कल्पना, आणि तीही एकमुखी नाही.

उगमाच्या चर्चेत रोमचे नाव आधी घेतले जाते, कारण आयझॅक असिमॉव्ह यांनी आपल्या आकाशगंगेच्या साम्राज्यासाठी एडवर्ड गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा आधार घेतल्याचे स्वतःच सांगितले आहे. परंतु त्यांच्या साम्राज्याची राजधानी पृथ्वी नव्हेच. ती आकाशगंगेच्या केंद्राजवळचा ट्रँटॉर ग्रह. १९५० मध्ये आलेल्या त्यांच्या ‘पेबल इन द स्काय’ या कादंबरीत पृथ्वी ही किरणोत्साराने नासलेली, तुच्छ लेखली जाणारी एक आडवस्ती असून तिथे अन्न पुरत नाही म्हणून साठीला माणसाला मरण पत्करावे लागते. जन्मग्रहच राजधानी ठेवणाऱ्या कथांमागे रोमपेक्षा लंडन असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते : मायदेशातून समुद्रापारच्या वसाहतींचा कारभार चालवण्याची सवय त्यांत स्पष्ट दिसते. ‘स्टार ट्रेक’ (१९६६ पासून) या मालिकेत ही सवय मवाळ होते. तिथे अनेक ग्रहांचा संघ आहे, आरमाराचे मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोत आणि अध्यक्षांचे कार्यालय पॅरिसमध्ये.

या राजधानीची खरी अडचण अंतर. प्रकाशाला पृथ्वीवरून चंद्रावर जायला सुमारे १.३ सेकंद, मंगळावर ग्रहांच्या स्थितीनुसार साधारण ३ ते २२ मिनिटे आणि सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत ४.२ वर्षे लागतात. म्हणजे चंद्राशी बोलता येते, मंगळाशी पत्रव्यवहार करता येतो आणि ताऱ्यांवर फक्त सुभेदार नेमता येतो. शिवाय सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर, काहीसा कडेला आहे. तेव्हा राजधानी जन्मस्थानी असावी की मधोमध, हा प्रश्न येतोच. मराठवाड्यात तो चौदाव्या शतकातच विचारला गेला होता.

मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला (दौलताबाद) नेली. वर्ष सामान्यतः १३२७ दिले जाते. पंधराव्या शतकातील इतिहासकार सरहिंदीच्या वृत्तांतावरून मात्र आधी राजपरिवार व उमराव आणि दोनेक वर्षांनी सामान्य रहिवासी असे दोन टप्पे दिसतात. कारण काय, यावरही एकमत नाही. सुलतानाच्या दरबारातला इतिहासकार बरनी सांगतो की देवगिरी मध्यवर्ती होती. दिल्ली, गुजरात, लखनौती (बंगाल), तेलंगण, द्वारसमुद्र (कर्नाटकातील हळेबीड) ही ठिकाणे तिथून जवळपास सारख्या अंतरावर पडत. (नकाशा पाहता हे सैल विधान आहे.) त्याच काळातला कवी-इतिहासकार इसामी याच्या मते सुलतानाला दिल्लीकरांचा राग होता. इसामीचे नव्वदीचे आजोबा याच वाटेवर दिल्लीजवळच्या तिलपतच्या पहिल्याच मुक्कामी वारले. त्याच्या लिखाणातली कडवट धार त्यामुळेही असू शकते. दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही, हे बरनीचे वाक्य पाठ्यपुस्तकांनी अजरामर केले. पण आगा महदी हुसेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दिल्ली परिसरातील १३२७ व १३२८ चे संस्कृत शिलालेख आणि दिल्लीच्या टाकसाळीतील नाणी पुढे करून शहर पूर्ण ओस पडले नसल्याचे दाखवले. दोन राजधान्या एकाच वेळी चालू होत्या, हे मत आता ग्राह्य धरायला हरकत नाही.

विज्ञानकथेच्या वाचकाने इथे अडकून राहावे असा तपशील त्या काळी भारतात आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता देतो. दिल्लीहून दौलताबादला पोहोचायला ४० दिवस लागत, आणि सुलतान दौलताबादला असताना त्याच्यासाठी पिण्याचे पाणी गंगेवरून आणले जाई. राजधानी मध्यावर नेली, तहान मात्र मूळ ठिकाणीच राहिली. आज वेरूळच्या रस्त्यावर एसटीतून उतरून किल्ला चढताना ‘अंधारी’ लागते. कातळात कोरलेल्या त्या काळोख्या, वळणावळणाच्या वाटेत वटवाघळांचा उग्र वास असतो. वाटाड्या पलिता पुढे धरतो तेव्हा पायरी दिसते. शत्रूला अडवायला ही जागा अप्रतिम. दूरच्या सुभेदाराला धाकात ठेवायला तिचा काय उपयोग? उलटेच झाले. १३४७ मध्ये याच दौलताबादेत अमीरांनी बंड करून बहमनी राज्य उभे केले आणि त्या राज्याने आपली राजधानी गुलबर्ग्याला नेली.

राजधानी कुठेही असो, ती जेवते दुसऱ्याच्या ताटातले. चार हजार कोटींहून अधिक वस्तीच्या ट्रँटॉरला वीस शेतकी ग्रह पोसतात. याची सर्वांत काटेकोर मांडणी रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ (१९६६) मध्ये आहे. चंद्रावरच्या बोगद्यांत पिकवलेला गहू प्रचंड गोफणीसारख्या यंत्राने पृथ्वीकडे फेकला जातो आणि त्याच्या पेट्या मुंबईजवळच्या समुद्रात उतरतात. कादंबरी निघाली त्याच वर्षी प्रत्यक्षात भारत सुमारे १ कोटी टन धान्य आयात करत होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून लाल मिलो (आयात केलेली ज्वारी) खाल्लेल्या पिढीला जहाजातून येणाऱ्या धान्याची चव वेगळी सांगावी लागत नाही. कथेतल्या चांद्रवासीयांची तक्रार भावापुरती नाही. धान्यातून चंद्राच्या पोटातले बर्फ, म्हणजे पाणीच, कायमचे बाहेर जाते. मराठवाड्यात उसाबद्दल हाच हिशेब मांडला जातो, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आल्यापासून तो अधिक मोठ्याने मांडला जातो. कादंबरीत चंद्राचे दोन प्रतिनिधी दाद मागायला पृथ्वीवर येतात ते आग्र्याला. तिथून निसटून त्यांना परत जावे लागते. आग्रा म्हटल्यावर मराठी वाचकाला काय आठवते, हे लिहिण्याची गरज नाही.

काही कथांत सत्तेपेक्षा श्रद्धा उरते. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाच्या (१९८७) विश्वात टेरा ही एकाच वेळी राजधानी आणि यात्रेचे ठिकाण आहे. याला जवळचे उदाहरण पैठणचे. टॉलेमीने ज्याची राजनगर म्हणून नोंद केली ते सातवाहनांचे प्रतिष्ठान पुढे नाथांचे गाव झाले. राज्य गेल्यावरही नाथषष्ठीला दिंड्या तिथेच येतात.

मराठी विज्ञानकथेत राजधानी पृथ्वी क्वचितच दिसते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवणाऱ्या जयंत नारळीकरांपासून जी परंपरा रुजली, तिच्यात पृथ्वी बहुधा निरोप घेणारी किंवा संकट झेलणारी असते, हुकूम सोडणारी नव्हे. याचे कारण वाङ्मयीन असेल. मराठवाड्यापुरते मात्र आणखी एक सुचते : इथल्या माणसाने राजधानी नेहमी लांबूनच पाहिली. १७६३ च्या सुमारास निजामाची गादी औरंगाबादहून हैदराबादला हलली, १९५६ नंतर कामासाठी मुंबई गाठावी लागली, आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेत यायला १९८१ उजाडले. तोवर तारखेच्या आदल्या रात्री भाकरी बांधून निघावे लागे.