फेटाळलेली वैद्यकीय तक्रार पुन्हा उघडण्याचा अर्ज : पार्श्वभूमी

मिरजेत उपचारांसाठी जत-आटपाडीपासून सीमेपलीकडच्या गावांपर्यंतचे रुग्ण येतात. पुढे उपचारांविषयी तक्रार झालीच, तर सांगलीला जिल्हा ग्राहक आयोगाच्या तारखांना हजर राहायचे ते रुग्णाने किंवा त्याच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाने. तारखा चुकतात, तक्रार गैरहजेरीत निकाली निघते आणि काही महिन्यांनी प्रकरण पुन्हा घेण्याचा अर्ज येतो. सोबत विलंब माफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचे ठरवले. त्या १९८६ च्या कायद्यात जिल्हा मंचाला (आताच्या जिल्हा आयोगाला) स्वतःचा आदेश मागे घेण्याचा अधिकारच लिहिलेला नव्हता. १९९९ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, जिल्हा मंचाच्या वरच्या राज्य आयोगाला आपला एकतर्फी, म्हणजे एक बाजू गैरहजर असताना दिलेला, आदेश रद्द करता येत नाही. २००० मध्ये एका विमा प्रकरणात दुसऱ्या पीठाने उलट सांगितले : सबळ कारण असेल तर गैरहजेरीत फेटाळलेली तक्रार परत घेता येते. दोन्ही बाजूंच्या वकिलांना आपापला निकाल हाताशी होता. २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने एकतर्फी आदेश रद्द करण्याचा अधिकार दिला, पण फक्त राष्ट्रीय आयोगाला. त्याच आधारावर २०११ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने १९९९ चे मत कायम केले : कायद्याने दिला नाही तो अधिकार खालच्या मंचांना नाही.

कायद्याच्या शब्दांना धरून हे बरोबर असेल, पण त्याचा भार आजारी माणसावर पडला. डायलिसिसमुळे तारीख चुकलेल्या जतच्या रुग्णाने राज्य आयोगात अपील करायचे, नवा वकील, नवा प्रवासखर्च. आणि तिथे कारण पटले तर प्रकरण बहुधा फिरून सांगलीलाच येणार!

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने अपिलाची मुदत ३० वरून ४५ दिवस केली. कलम ४० नुसार जिल्हा आयोगाला पुनर्विलोकनाचा, म्हणजे आपलाच आदेश पुन्हा तपासण्याचा, अधिकारही मिळाला, मात्र नोंदीवर उघड दिसणाऱ्या चुकीपुरता आणि स्वतःहून किंवा ३० दिवसांत अर्ज आला तर. गैरहजेरी अशा चुकीत बसत नाही, निकालानंतर हाती आलेला तज्ज्ञाचा अहवालही नाही. अपिलाच्या कलम ४१ मध्ये उशीर माफ करण्याची तरतूद स्पष्ट आहे, कलम ४० मध्ये तसा शब्द नाही. रुग्णालयाचा वकील पहिले बोट तिथेच ठेवतो.

कोविडकाळात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला. त्यानंतरच्या प्रत्येक अर्जात उशिराचे कारण पुराव्यानिशी मांडावे लागते.