साधं सिमेंट की रूट कॅनाल?

"डॉक्टर, साधं सिमेंट भरून द्या ना. रूट कॅनाल नको." खुर्चीत टेकल्या टेकल्या हे वाक्य मी आठवड्यातून कितीतरी वेळा ऐकते. त्यामागे खर्चाची काळजी असते, भीती असते, शेजारणीने सांगितलेला अनुभव असतो. पण बऱ्याच जणांचा असाही समज असतो की काम एकच आहे, फक्त एक स्वस्तातलं आणि एक महागातलं. तसं वाटणं साहजिक आहे. दोन्हींत इंजेक्शन, दोन्हींत ते घुर्र करणारं मशीन, दोन्हींत कीड खरवडायची आणि शेवटी वरून सिमेंट. घरी जाऊन आरशात पाहिलं तर दाढ दोन्ही वेळा सारखीच दिसते. फरक असतो तो आत.

दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग. त्यात नस नाही, म्हणून कीड तिथवर असेपर्यंत काहीच जाणवत नाही. त्याखाली पिवळसर डेंटीन, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य नळ्या. कीड इथे पोचली की थंड आणि गोड लागायला लागतं. आणि मधल्या पोकळीत ती आपली 'नस'. खरं तर ती नुसती नस नाही. रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशी मिळून झालेला तो मऊ, जिवंत गाभा आहे. आम्ही त्याला पल्प म्हणतो. हा गाभा मुळांच्या टोकापर्यंत उतरतो आणि तिथल्या बारीक भोकातून जबड्याशी जोडलेला असतो.

कीड डेंटीनमध्येच असेल तर ती काढून सिमेंट भरलं की झालं. पण जंतू गाभ्यात शिरले आणि तो सावरण्यापलीकडे सुजला किंवा मेला, तर वरून कितीही भारी सिमेंट भरा, घाण आत कोंडलेलीच राहते. रूट कॅनाल म्हणजे तो गाभा काढून मुळांतल्या नळ्या साफ करून त्या बंद करणं. खड्डा केवढा दिसतो यावर हे ठरत नाही. वरून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आणि खाली पोखरून निघालेली दाढ, असं आम्ही रोज बघतो.

बऱ्याचदा दाढ स्वतःच सांगते. थंड पाणी प्यायलात, कळ आली आणि घोट गिळेपर्यंत गेली, तर गाभा चिडलाय पण जिवंत आहे. अशा वेळी लवकर आलात तर बहुतेकदा सिमेंटवर भागतं. तीच कळ मिनिटभर रेंगाळायला लागली, काही खाल्लं-प्यायलं नसतानाही दाढ ठणकायला लागली, रात्री आडवं पडलं की ठणका वाढला आणि उशाशी दोन उशा घेऊन रात्र काढावी लागली, तर ती वेळ बहुधा निघून गेलेली असते. कारण सरळ आहे. बोटाला मार लागला तर बोट सुजतं, सुजेला जागा मिळते. दातातला गाभा चारी बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला. सूज आली की दाब थेट मज्जातंतूंवर. आडवं पडलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, तो त्यात भर घालतो.

एका उन्हाळ्यात एक काका एसटीने दीड तासाचा प्रवास करून आले. हातात गार पाण्याची बाटली. दर दोन मिनिटांनी घोट घ्यायचा, गालात दाढेजवळ धरून ठेवायचा. पाणी तोंडात कोमट झालं की चेहरा वेडावाकडा व्हायचा, मग पुढचा घोट. चहाचा कप चार दिवसांत तोंडाला लावला नव्हता. गरम लागलं की ठणका आणि गार लागलं की आराम, ही मरणपंथाला लागलेल्या गाभ्याची अगदी ठरलेली खूण. "कोणती दाढ?" विचारलं तर सांगता येईना. वरची म्हणायचे, मग खालची. यात त्यांची काही चूक नव्हती. गाभ्याला दुखणं कळतं, जागा कळत नाही. जंतू मुळाच्या टोकातून बाहेर पडून दाताभोवतीच्या तंतूंपर्यंत आले की मग चावताना दुखतं आणि माणूस नेमकं बोट ठेवून दाखवतो. काकांची दुखरी दाढ खालची आहे हे कळलं, दोन एक्स-रे आणि थंडाची तपासणी केल्यावर.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. एक दिवस दुखायचं थांबतं. सिमेंट भरल्यावर थंड लागणं हळूहळू कमी झालं, तर ते खरंच बरं होणं आहे. पण आठवडाभर रात्री जागवणारा ठणका काहीही उपचार न करता आपोआप थांबला, तर गाभा मेलाय असं समजा. दुखायला आत काही उरलेलं नसतं. जंतू मात्र असतात. ते मुळाच्या टोकाशी हाड खात राहतात, एक्स-रेत तिथे काळी सावली दिसते. हिरडीवर एखादी पुटकुळी येते, फुटते, तोंडात खारट चव येते, पुन्हा भरते. "आता दुखत नाही" म्हणून परत गेलेले किती पेशंट सहा महिन्यांनी सुजलेला गाल घेऊन आलेत! लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने घटकाभर बधिर होतं, एवढंच. आणि मिश्री लावून दाढ शांत होते असं मानणाऱ्या आयाबायांना माझं हात जोडून सांगणं आहे, ती भाजलेली तंबाखू आहे. दाढ वाचत नाही आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकचंही तेच. सुजलेल्या किंवा मेलेल्या गाभ्यापर्यंत ते पुरेसं पोचतच नाही, कारण तिथला रक्तपुरवठाच बिघडलेला किंवा बंद झालेला असतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 साली काढलेल्या मार्गदर्शनातही नुसत्या अशा दुखण्यासाठी अँटिबायोटिक देऊ नये असंच म्हटलंय. ताप आला, सूज पसरू लागली तर ते लागतं, तेही दाताच्या उपचारासोबत. आणि सूज जबड्याखाली उतरून तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास लागला, तर दवाखाना उघडायची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

रूट कॅनालला वेळ का लागतो ते एकदा माझ्या ट्रेमध्ये डोकावलात तर कळेल. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी. खालच्या दाढेत साधारण 3, वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा 4, आणि ती चौथी इतकी बारीक की शोधण्यातच वेळ जातो. सुरुवातीच्या फाईलचं, म्हणजे नळी घासायच्या सुईसारख्या हत्याराचं, टोक असतं 0.1 मिलिमीटर. वाकड्या मुळांत निकेल-टायटॅनियमच्या फाईल वळतात आणि बाहेर काढल्या की पुन्हा सरळ होतात. नळ्या औषधाने धुवून, कोरड्या करून त्यात गटापर्चा भरतो. गुलाबी, उदबत्तीच्या काडीहून बारीक काड्या असतात त्या. हा मलय प्रदेशातल्या झाडाचा चीक. 1851 मध्ये इंग्लंड-फ्रान्सदरम्यान समुद्राखाली टाकलेल्या टेलिग्राफच्या केबललाही याचंच वेष्टन होतं. ओलाव्यात न कुजणारा, म्हणून दातातही टिकतो. भूल नीट मिळाली तर हे करताना दुखत नाही. खालची दाढ फार ठणकत असेल तर एका इंजेक्शनने कधीकधी पुरत नाही, तेव्हा सोसू नका, डावा हात वर करा. आम्ही थांबतो आणि अजून भूल देतो.

सिमेंट भरलेल्या दाढेला शक्यतो कॅप लागत नाही. रूट कॅनाल केलेल्या दाढेला बहुतेक वेळा लागते, कारण मधला भाग गेल्यावर उरलेल्या भिंतींवर चावण्याचा सगळा भार येतो. कॅपचे पैसे वेगळे असतात, म्हणून एकूण खर्च आधीच विचारून घ्या. जमत नसेल तर मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं महाविद्यालय इथे हेच काम खाजगीपेक्षा खूप कमी खर्चात होतं. वेळ काढावा लागतो. पण कॅप टाळू नका. संक्रांतीत चिक्कीवर उभी चिरलेली दाढ घेऊन कुणी आलं आणि चीर मुळापर्यंत गेलेली असली, की काढण्यावाचून माझ्याही हाती काही राहत नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. या दोहोंच्या मधेही दाढा असतात. कीड गाभ्याला जवळजवळ टेकलेली, पण कळ अजून रेंगाळत नाही. तिथे औषध लावून वर सिमेंट भरून वाट बघणं योग्यच असतं. काही गाभे सावरतात, काही महिन्यांनी, वर्षांनी हार मानतात. मग पेशंटला वाटतं, "आधी सिमेंटचे पैसे घेतले, आता रूट कॅनाल सांगतात." जिवंत गाभा वाचवायचा तो प्रामाणिक प्रयत्न असतो. फक्त ही शक्यता आधीच सांगणं आमचं काम आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

आणि कच्चं सिमेंट. रूट कॅनालच्या दोन बैठकींमध्ये वरून तात्पुरतं भरतात ते पांढरं सिमेंट हुबेहूब पक्क्यासारखं दिसतं. पहिल्याच बैठकीत ठणका थांबलेला असतो. एक ताई अशाच गेल्या, घरात लग्नकार्य होतं, मग पेरण्या. आठ महिन्यांनी आल्या तेव्हा सिमेंट केव्हाच निघून गेलं होतं, उघड्या नळ्यांत अन्न अडकून सडलं होतं आणि कीड हिरडीच्या खाली गेली होती. त्या मला म्हणाल्या, "पण सिमेंट तर भरलं होतं ना तुम्ही?" त्या दिवसापासून कच्चं सिमेंट भरलं की मी पेशंटच्या कागदावर लाल पेनने पुढची तारीख लिहिते आणि सोबत आलेल्या माणसालाही ती वाचून दाखवते.