नियम आधी आले, कॉम्प्युटर नंतर

आज एआयवरून भांडण पेटलं की बऱ्याच जणांना वाटतं की मशीनने काढलेल्या चित्राला कला म्हणायचं का हा प्रश्न आत्ता आत्ताचा आहे, पण हे भांडण 60 वर्षं जुनं आहे आणि ते सुरू झालं साध्या रेघा नि चौकोनांवरून.

फेब्रुवारी 1965, जर्मनीतलं स्टुटगार्ट. तिथल्या तंत्रविद्यापीठात मॅक्स बेन्झे नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, त्यांनी आपल्या छोट्या गॅलरीत गेऑर्ग नेस यांची चित्रं लावली. नेस मूळचे गणितवाले, एरलांगेनला सीमेन्समध्ये नोकरीला. प्रोग्रॅम त्यांनी लिहिलेला आणि रेघा मारल्या प्लॉटरने, म्हणजे आकडे मिळतील तसं कागदावर पेन फिरवणाऱ्या यंत्राने. उद्घाटनाला आलेले चित्रकार भडकले. त्यातले हाइन्झ ट्रोकेस यांनी विचारलं की माझ्या हाताची ढब तुमच्या मशीनला जमेल का? नेस म्हणाले, जमेल की, ती ढब नेमकी कशी आहे ते तुम्ही मला सांगितलंत तर. माझ्या मते त्या काळातला सगळा वाद या एका उत्तरात येतो, कारण मशीनला स्वतःचं काहीच सुचत नव्हतं, नियम माणसानेच सांगायचा.

नेस यांचं पुढचं 'शॉटर' हे चित्र नीट बघा, 1968 च्या सुमाराचं. एका ओळीत 12 चौकोन आणि अशा 22 ओळी. वरचे एकदम शिस्तीत, पण जसजसं खाली यावं तसतसा प्रत्येक चौकोन थोडा जास्त कलतो, थोडा जास्त सरकतो आणि तळाला पार विस्कटतात. किती कलायचं ते रँडम आकडा ठरवतो, पण तो आकडा कुठवर जाऊ शकतो ती मर्यादा नेस ठरवतात आणि ओळीगणिक ती वाढवत नेतात, आणि खरी गंमत त्या वाढवण्यातच आहे.

तिकडे अमेरिकेत बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेतल्या मायकेल नोल यांनी डच चित्रकार मोंद्रियानच्या 1917 च्या एका रेघांच्या चित्राच्या धर्तीवर कॉम्प्युटरकडून चित्र काढून घेतलं आणि दोन्हींच्या झेरॉक्स 100 जणांना दाखवल्या. कॉम्प्युटरचं कुठलं हे फक्त 28 जणांना बरोबर ओळखता आलं आणि 59 जणांना कॉम्प्युटरचंच जास्त आवडलं! यावरून मशीन मोंद्रियानपेक्षा भारी असं अजिबात ठरत नाही, मोंद्रियानने शोधलेली वाट तिथे तयारच होती. जपानमध्ये हिरोशी कावानो तर कॉम्प्युटरकडून फक्त चित्रातल्या कुठल्या चौकटीत कुठला रंग हे काढून घ्यायचे आणि रंग हाताने भरायचे.

मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या वेरा मोलनार. जन्म 1924 चा, बुडापेस्टचा, 1947 पासून पॅरिसला. 1959 पासून त्या 'काल्पनिक मशीन' वापरत होत्या, म्हणजे स्वतःच नियमांची यादी करायची आणि एकेक बदल करत हाताने चित्रं काढत जायचं. खरा कॉम्प्युटर त्यांच्या हाती लागला 1968 मध्ये. म्हणजे कॉम्प्युटरने या लोकांना भूमिती शिकवली नाही, ज्या कामाला हाताने महिने लागले असते ते पटापट करून दिलं, एवढंच.

तेव्हा पॅरिसलाच राहणारे मान्फ्रेड मोहर, आधी जॅझ सॅक्सोफोन वाजवायचे, यांना तिथल्या हवामान खात्याचा प्लॉटर वापरायला मिळाला आणि 1971 मध्ये पॅरिसच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये त्यांचं एकट्याचं प्रदर्शन लागलं. पुढे कित्येक वर्षं ते एका घनाच्या 12 कडा घेऊनच बसले.

शिल्पात गोष्ट जरा वेगळी, कारण तिथे नुसता कागद पुरत नाही. अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट मॅलरी यांनी 1968 च्या 'क्वाड 1' साठी प्रोग्रॅमकडून आकाराचे आडवे छेद काढून घेतले, एकाखाली एक पातळ चकत्या असाव्यात तसे, आणि मग त्या छेदांबरहुकूम लाकूड कापून, थर एकमेकांवर चिकटवून, घासून गुळगुळीत केलं ते स्वतःच्या हाताने. त्याच वर्षी लंडनला आयसीए या समकालीन कलेच्या संस्थेत 'सायबरनेटिक सेरेन्डिपिटी' हे मोठं प्रदर्शन भरलं, त्यात हे शिल्प होतं.